पुरुष आणि योगाभ्यास (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी पुरुषांना आसने मुळात तालमीने दिली. योगवर्ग आणि शिबिरे फार पुढची. मारुतीला नमस्कार करून अंगाला माती लावणारा गडी सूर्यनमस्कारही घालतो, पण त्याच्या लेखी ती मेहनतच. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे व्यायामाचे वळणही कोल्हापूर-सांगलीकडचेच पडले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला, आणि मराठी मुलखात रथसप्तमीला तो सामुदायिक रीतीने घालण्याची प्रथा आजही आहे.

जोर आणि सूर्यनमस्कार यांचे नाते जवळचे आहे. जोर मारताना कंबर वर असते. मग छाती जमिनीलगत सरकवत पुढे न्यायची आणि मान वर काढायची. पर्वतासनातून भुजंगासनात जाताना अंग जवळपास याच वाटेने जाते. फरक पडतो तो थांबण्यात आणि श्वासात. जोर मोजायचे असतात, आसनात मात्र टिकायचे असते. पैलवानाला पहिले सहज जमते, दुसऱ्याला तो कंटाळतो.

योगाच्या आधुनिक इतिहासात पुण्याचे नाव सगळे घेतात, बेळगावचे क्वचितच कोणी घेतो. हा या गावावर अन्याय आहे. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) हे म्हैसूरच्या टी. कृष्णम्माचार्य यांचे शिष्य. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी त्यांचे शरीर पार खंगले होते. १९३६ च्या सुमारास गुरूंबरोबर ते उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर आले. स्त्रियांना वयस्क पुरुषाकडून शिकण्याचा संकोच वाटे, म्हणून तो वर्ग सर्वांत लहान शिष्यावर, म्हणजे अय्यंगारांवर सोपवला गेला. बेळगावात सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३७ मध्ये ते पुण्याला शिकवायला गेले. मराठी येत नव्हते, आणि समोरचे विद्यार्थी त्यांच्याहून दणकट होते. अशा शरीरांना शिकवता शिकवता त्यांची पद्धत घडत गेली. पट्टा, लाकडी वीट, घडीची चादर ही साधने पुढे तिची ओळख बनली.

तालमीत वाढलेल्या पुरुषाला ही साधने फार उपयोगी पडतात. वर्षानुवर्षे बैठका मारून मांड्या भरतात, पण ताण दिला नाही तर मागच्या शिरा आखडतात. पश्चिमोत्तानासनात मग हात पावलांपर्यंत पोचत नाहीत, माणूस पाठीला बाक देऊन डोके गुडघ्याकडे ओढतो आणि कंबर धरते. चादरीची जाड घडी बैठकीखाली घ्यावी, पट्टा तळव्यांना अडकवावा, गुडघे किंचित वाकले तरी चालतील, पण कणा लांब राहिला पाहिजे. ताकदवान माणसाला असा आधार घेणे कमीपणाचे वाटते. त्यात कमीपणा काहीच नाही.

कुस्ती सुटल्यावर तर याची गरज वाढते. मेहनत थांबते, खुराक तसाच राहतो, पोट सुटते. अशा वेळी बरेच जण थेट कपालभातीपासून सुरुवात करतात. अंतर्गळ (हर्निया) पुरुषांत अधिक आढळतो. तो असताना कपालभाती व नौली (पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया) करू नये. रक्तदाब चढा असल्यास किंवा काचबिंदू असल्यास शीर्षासन टाळावे.