प्रकाशमापक, रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षणासाठी

रूपविकारी (तेज बदलत राहणाऱ्या) ताऱ्यांच्या प्रतीतील (तेजाच्या मापातील) बदल मोजण्याची साधने. हौशी निरीक्षकांत सध्या डीएसएलआर कॅमेरा आणि शीतन केलेला सीसीडी वा सीमॉस (प्रकाशाचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या संवेदकांचे दोन प्रकार) कॅमेरा हे दोन प्रकार रूढ आहेत. साधनाची निवड दुर्बिणीच्या आकारापेक्षा कोणता तारा मोजायचा यावर ठरते. नजरेच्या अंदाजात साधारणतः ०.१ ते ०.२ प्रतीची चूक राहते. मीरा प्रकारच्या ताऱ्यांची प्रत २.५ पेक्षा अधिक बदलते, त्यामुळे त्यांना नजर पुरते. ग्रहणकारी युग्मताऱ्यांचे (एकमेकांना आळीपाळीने झाकणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीचे) उथळ पिधान (झाकले गेल्याने येणारी तेजातील घट) टिपायचे असेल तर मात्र उपकरणाला पर्याय नाही.

ताऱ्याचा प्रकाश विजेच्या साहाय्याने प्रथम कोणी मोजला याविषयी मतभेद आहेत. हा मान अनेकदा अमेरिकन ज्योतिर्विद जोएल स्टेबिन्स यांना दिला जातो. परंतु १८९२ मध्ये डब्लिन येथे विल्यम मंक यांच्या घरच्या दुर्बिणीवर, आयरिश गणितज्ञ जॉर्ज मिंचिन यांनी तयार केलेले सिलिनियमचे घट (प्रकाश पडताच विद्युत् प्रतिसाद देणारी साधने) लावून ग्रहांचा प्रकाश नोंदविण्यात आला होता. १८९५ च्या सुमारास मिंचिन यांनी आयर्लंडमधीलच डॅरामोना येथील सु. ६१ सेंमी. व्यासाच्या परावर्ती दुर्बिणीवर काही ठळक तारेही मोजले. त्यामुळे अग्रक्रम मिंचिन-मंक यांच्याकडे जातो, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मंक हे हौशी ज्योतिर्विद होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. पद्धतीचा खरा उपयोग दाखविला तो मात्र स्टेबिन्स यांनीच. १९०७ मध्ये चंद्रापासून सुरुवात करून, सिलिनियमचा घट बर्फाने थंड ठेवून, त्यांनी १९१० मध्ये ययाती तारकासमूहातील अल्गॉल या ग्रहणकारी युग्मताऱ्याचे दुय्यम पिधान (मंद तारा झाकला जातो ते) दाखवून दिले. त्याची खोली जेमतेम ०.०६ प्रत असल्याने ते नजरेला दिसणे शक्यच नव्हते.

पुढे प्रकाशगुणक नलिका (क्षीण प्रकाशाचा विद्युत् संकेत अनेक पटींनी वाढविणारी) आली. जॉन्सन व मॉर्गन यांची यूबीव्ही पद्धती (१९५३; जंबुपार, निळा व दृश्य अशा तीन फिल्टरांतून प्रत मोजण्याची) अशाच एका नलिकेच्या प्रतिसादावर बेतलेली आहे. आजच्या कॅमेऱ्यापुढील व्ही (दृश्य) फिल्टर त्याच जुन्या प्रतिसादाशी जुळविलेला असतो. १९८० च्या दशकात हौशी मंडळींत प्रकाशडायोडचे प्रकाशमापक रुळले. त्यांत तारा, तुलना तारा (प्रत स्थिर व ज्ञात असलेला जवळचा तारा) आणि आकाश हे आळीपाळीने मोजावे लागत. पातळ ढग सरकला की मापन वाया जाई.

कॅमेरा निवडताना एकरेषीयतेकडे सर्वांत आधी पाहावे. दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा मिळाला पाहिजे. जेपीईजी चित्रांत हे नाते मोडलेले असते, म्हणून रॉ (संवेदकाचे मूळ आकडे जपणारी) फाइलच घ्यावी लागते. १२ बिटच्या कॅमेऱ्यात आकडा ४०९५ वर, तर १६ बिटच्या कॅमेऱ्यात ६५,५३५ वर थांबतो. प्रत्यक्षात संवेदकाचा प्रतिसाद त्याआधीच सरळ रेषेपासून वाकू लागतो. तेजस्वी ताऱ्याचा विद्युत् भार शेजारच्या पिक्सेलांत सांडू नये अशी सोय असलेल्या काही सीसीडींत तर तो मध्यावरच वाकतो. एकसारख्या उजळलेल्या कागदाची चित्रे उद्भासन (प्रकाश पडू देण्याचा काळ) दुप्पट करत घ्यावीत आणि आकड्यांचा आलेख काढावा. रेषा जेथे झुकते, त्याच्या बऱ्याच खाली तारा ठेवावा. संवेदकात एका ताऱ्याच्या प्रकाशाने सु. १०,००० इलेक्ट्रॉन जमले, की केवळ गणनेतील यादृच्छिक चढउतार ०.०१ प्रतीपर्यंत उतरतो.

डीएसएलआरच्या हिरव्या वाहिनीचा प्रतिसाद व्हीच्या जवळपास असला तरी लालसर ताऱ्यांत फरक पडतो व रंगांक (दोन फिल्टरांतील प्रतींचा फरक) वापरून दुरुस्ती करावी लागते. तरीही तेजस्वी ताऱ्यांना हेच साधन सोयीचे. २००९–११ मधील एप्सिलॉन ऑरायगी या ग्रहणकारी ताऱ्याचे पिधान याचे चांगले उदाहरण होय. सु. २७.१ वर्षांनी येणारे हे पिधान तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्याचे आहे. मोठ्या दुर्बिणीत तो तारा सहज संतृप्त होतो आणि योग्य तुलना तारा दृष्टिक्षेत्रात मावत नाही. साध्या भिंगाच्या कॅमेऱ्यात दोन्ही सामावतात. मंद ताऱ्यांसाठी एकरंगी कॅमेरा व व्ही फिल्टर ही जोडी अधिक विश्वसनीय आहे. ३.७६ मायक्रोमीटर पिक्सेल व ८०० मिमी. केंद्रांतर घेतल्यास एका पिक्सेलमध्ये सु. ०.९७ कोनीय सेकंद येतात, म्हणजे ताऱ्याची प्रतिमा दोन-तीन पिक्सेलांवर पसरते. हे पुरेसे आहे.

तत्कालीन भारतातील जेस्सोरचे (आता बांगलादेशात) राधागोविंद चंद्र यांनी कॅमेऱ्याविना, दुर्बिणीतून नजरेच्या अंदाजाने हजारो नोंदी करून अमेरिकन व्हेरिएबल स्टार संघटनेला कळविल्या. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे प्रकाशवक्रात (काळानुसार प्रतीच्या आलेखात) दरवर्षी खंड पडतो. शीतन केलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर या हवेत दव धरते, म्हणून आतील ओलावा शोषणारे सिलिका जेल अधूनमधून तापवून कोरडे करावे लागते.