खारवट आणि चोपण: वाळवंटातल्या बागेचे दोन वेगळे आजार

राजस्थानच्या श्रीगंगानगर भागात 1927 साली गंग कालवा आला आणि पुढे तिथल्या रेताड जमिनीत किन्नूच्या (संत्र्यासारख्या लिंबूवर्गीय फळाच्या) बागा उभ्या राहिल्या. पण पाण्याबरोबर क्षारही येतात. लिटरमागे 200 मिलिग्रॅम क्षार असलेलं, म्हणजे तसं गोडंच पाणी वर्षाला एक मीटर उंचीइतकं दिलं, तर हेक्टरी 2 टन क्षार जमिनीत उतरतात. तिथला पाऊस ते धुऊन काढण्याइतका नसतो.

काही वर्षांनी झाडं खंगतात. मग 'जमीन खारावली' म्हणत सरसकट जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) टाकलं जातं, आणि घोळ इथंच होतो, कारण खारवट आणि चोपण हे दोन वेगळे दोष आहेत.

खारवट जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात. ओल्या मातीतून काढलेल्या अर्काची विद्युत वाहकता (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (pH) सहसा 8.5 च्या आत. वर पांढरा थर दिसतो, पण माती भुसभुशीत राहते. ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पानांच्या कडा करपतात. इंदिरा गांधी कालव्याच्या परिसरात कित्येक ठिकाणी खाली पाणी अडवणारा कठीण थर आहे. तिथे भूजल वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. वाहकतेचा 4 हा आकडा मात्र खजुराला ठीक आहे. लिंबूवर्गीय झाडांचं उत्पादन साधारण 1.5 पासूनच घटू लागतं, म्हणून किन्नूवाल्याने त्या आकड्याची वाट बघत बसू नये.

चोपण जमिनीत एकूण क्षार कमी असू शकतात. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, कणांवर धरलेल्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या (विनिमयक्षम) एकूण धनभारित आयनांच्या 15 टक्क्यांहून अधिक, आणि सामू 8.5 च्या वर. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. पाणी साचून राहतं, पृष्ठभाग काळपट दिसतो, वाळल्यावर दगडासारखा घट्ट होतो, मुळं गुदमरतात. बायकार्बोनेट जास्त असलेलं कूपनलिकेचं पाणी वर्षानुवर्षं दिलं, की हे घडतं: कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसतं आणि सोडियमला मोकळं रान मिळतं.

खारवट जमिनीला हवा निचरा आणि क्षार खाली नेणारं जादा पाणी. जिप्समची तिथे गरज नाही. चोपण जमिनीला आधी जिप्सम हवं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं, मगच पाणी. दोन्ही दोष एकत्र असलेल्या जमिनीत हा क्रम चुकला तर मोठं नुकसान होतं. नुसत्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन जातात, सोडियम तिथेच राहतं, आणि कालपर्यंत पाणी जिरवणारी माती बंद होते. तसा जिप्समचा साठा राजस्थानातच आहे, बिकानेर आणि नागौरच्या खाणींत. प्रश्न फक्त तो कुठल्या शेतात टाकायचा एवढाच.

ठिबकच्या बागेत नमुना घेताना ड्रिपरखालची आणि ओल्या भागाच्या कडेची माती वेगवेगळी तपासा. क्षार कडेला साठतात. हलकी सर आली की तेच आत मुळांकडे सरकतात, म्हणून अशा पावसात ठिबक बंद न करता चालूच ठेवायचं.