मारहाणीच्या केसमध्ये शिक्षा लागली: अपील आणि ‘खालचं कलम’

हे पत्रक आमच्या ऑफिसात येणाऱ्या पक्षकारांसाठी आहे. वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि ही जाहिरात नाहीही. एकच गोष्ट दिवसातून चारदा समजावून सांगावी लागते, म्हणून लिहून ठेवली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरची माणसं येतात आणि विचारतात, “साहेब, सुटेल का?” आम्ही उलट विचारतो, कलम कोणतं लागलं आणि ते कशाच्या जोरावर लागलं? निर्दोष सुटका हा अपिलातला एक रस्ता झाला. कलम खाली आणणं हा दुसरा, आणि त्याच्याकडे पक्षकारांचं लक्ष फार कमी जातं.

मारहाणीची कलमं जिन्याच्या पायऱ्यांसारखी आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेप्रमाणे (भादंवि) साधी दुखापत म्हणजे ३२३, शिक्षा एक वर्षापर्यंत. तीच दुखापत घातक हत्याराने केली की ३२४, तीन वर्षांपर्यंत. हाड मोडलं, दात पडला किंवा डोळा गेला तर ती ‘गंभीर दुखापत’, कलम ३२५, सात वर्षांपर्यंत. गंभीर दुखापत घातक हत्याराने झाली की ३२६, दहा वर्षं किंवा जन्मठेपही. सगळ्यात वर ३०७, खुनाचा प्रयत्न. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच आकडे ११५(२), ११८(१), ११७(२), ११८(२) आणि १०९ असे झाले. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल, तर निकाल आज लागला तरी कलम जुनंच.

आता एक उदाहरण. ते बनवलेलं आहे, पण तुम्हाला ओळखीचं वाटेल. बांधावरून दोन चुलतभावांत जुंपली. एकाने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे बोथट बाजूने, दुसऱ्याच्या हातावर मारलं. पोलिसांनी ३०७ लावलं. अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयाने ‘जीव घ्यायचा इरादा दिसत नाही’ म्हणून ३०७ काढलं, पण ३२६ खाली पाच वर्षं दिली. ३२६ चा दोषारोप (चार्ज) मुळात ठेवलेलाच नव्हता. तरीही हे चालतं, कारण मोठ्या गुन्ह्याच्या आरोपात बसणारा लहान गुन्हा सिद्ध झाला, तर वेगळ्या दोषारोपाशिवाय त्याची शिक्षा देता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २२२ हे सांगायचं, आता ते नागरिक सुरक्षा संहितेचं २४५ आहे. ‘चार्जच नव्हता’ एवढ्याच मुद्द्यावर अपील जिंकायची आशा धरून येऊ नका.

पण हाच जिना खाली उतरायलाही आहे. हाड मोडलं हे कशावरून? एक्स-रे प्लेट कोर्टात आली का, की नुसतं सर्टिफिकेट लावलं? एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरची साक्ष झाली का? हाड मोडल्याचा पुरावा डळमळला तर ३२६ वरून ३२४ चा युक्तिवाद उभा राहतो. मार तुंब्याचा होता, पात्याचा नव्हता, तर ते ‘घातक हत्यार’ कसं? तिथून ३२५ ची वाट निघते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये केरळच्या एका प्रकरणात दगडाने मारणाऱ्याची शिक्षा ३२६ वरून ३२५ वर आणली. वस्तू घातक आहे की नाही हे त्या-त्या प्रकरणाच्या पुराव्यावरून ठरवायचं असतं. अचानक आणि भयंकर चिथावणी झाली हे सिद्ध झालं तर कलम आणखी हलकं होतं.

मात्र शिक्षा कमी आहे म्हणून कोणताही गुन्हा ‘लहान’ होत नाही. त्याचे घटक मोठ्या गुन्ह्याच्या पोटात असावे लागतात. २००१ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: खुनाच्या आरोपावरून, आरोपीला बाजू मांडायची संधी न देता, थेट हुंडाबळीची शिक्षा देता येणार नाही. शिक्षा अशा भलत्याच कलमाची असेल, तर चार्जचा मुद्दा खरंच मोठा आहे.

पक्षकारांना एक भीती असते. “३२६ नाही, फार तर ३२५” असं म्हटलं म्हणजे मारल्याची कबुली दिली का? नाही. आधी ‘घडलंच नाही’, आणि कोर्टाला ते पटलं नाही तर ‘एवढं मोठं घडलं नाही’, असं एकाच अपिलात मांडता येतं. आम्ही दोन्ही मांडतो. फक्त पहिला मुद्दा मुळातच लंगडा असेल तर त्यावर सगळा वेळ घालवू नये, असं आमचं मत आहे, आणि ते आम्ही तोंडावर सांगतो.

कलम खाली आलं की इतर दारं उघडतात. “गावात बसून मिटवलंय” असं सांगत लोक येतात. पण ३२६ आणि ३०७ समझोत्याने मिटत नाहीत. फार तर शिक्षा ठरवताना कोर्ट त्याचा विचार करतं. ३२३ आणि ३२५ मिटवता येतात, अपिलात मात्र कोर्टाच्या परवानगीने. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची मागणीही खालच्या कलमात जास्त सहज मांडता येते. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्यांना सहा महिन्यांची शिक्षासुद्धा खुर्चीवरून उतरवू शकते. त्यांनी दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवल्याच्या निर्णयालाच, स्थगिती मागण्याबद्दल वेगळं बोलावं. शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोषसिद्धीलाही मिळाली असं होत नाही, आणि दोषसिद्धीला ती क्वचितच मिळते.

“अपील केलं तर शिक्षा वाढेल का?” तुमच्या एकट्याच्या अपिलात वाढत नाही. सरकारने शिक्षा वाढवण्यासाठी स्वतंत्र अपील केलं तर वाढू शकते. जखमी माणसालाही, आरोपीला खालच्या कलमात दोषी धरलं म्हणून, स्वतः अपील करता येतं. हे आरोपीच्या घरच्यांना कुणी सांगत नाही.

मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील. मराठवाड्यासाठी उच्च न्यायालय म्हणजे १९८१ पासूनचं औरंगाबाद खंडपीठ, मुंबईला जावं लागत नाही. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळतात, आणि उशिराला सबळ कारण असेल तर माफीचा अर्ज देता येतो. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. अपील दाखल झालं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करेपर्यंतचा जामीन त्याच कोर्टाकडे मागता येतो. त्यामुळे निकालाच्या दिवशी जामीनदार सोबत आणा.

आत असलेल्यांना, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आमची फी परवडत नसेल तर तिकडे जा. अर्ज आम्हीच लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

येताना निकालाची प्रत, साक्षीदारांच्या जबाबांच्या नकला, जखमेचं सर्टिफिकेट आणि जप्ती पंचनामा घेऊन या. एक्स-रे घरी असेल तर तोही आणा. आणि फिर्यादीच्या घरी परस्पर समजूत काढायला जाऊ नका. जामीन रद्द व्हायला तेवढं पुरतं.