कंपोझिट स्केटबोर्ड डेक

स्केटबोर्डवर ज्या फळीवर उभे राहतात तिला डेक म्हणतात. नेहमीचा डेक मेपलच्या सात पातळ थरांचा, साधारण १० ते ११ मिमी जाडीचा असतो. कंपोझिट डेकमध्ये काही लाकडी थर कमी करून त्यांच्या जोडीला फायबरग्लास (काचतंतू) किंवा कार्बन फायबरचे कापड इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या रेझिनने, बसवतात. कल्पना जुनीच आहे. गॉर्डन अँड स्मिथ कंपनीच्या 'फायबरफ्लेक्स' फळ्यांत १९६०च्या दशकातच मेपलला फायबरग्लासची जोड होती. आजच्या पॉवेल-पेराल्टा 'फ्लाइट' डेकमध्ये पाचच मेपल थर आहेत, बाकीचे काम तंतू आणि इपॉक्सी करतात.

डेकवर 'कार्बन' लिहिले आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, तंतू कुठे बसवलेत ते विचारावे. फळी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधोमध ताण जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे फळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाजवळ असलेले कापडच खरे उपयोगी पडते. नेमका मध्यावर घातलेला एकुलता एक थर किंमत वाढवतो, ताठपणा फारसा नाही. लांबीच्या दिशेचे तंतू वाकणे रोखतात, तर ४५ अंशांत तिरपे घातलेले तंतू पीळ रोखतात. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: त्याच साहित्याची फळी ११ वरून ९ मिमीवर आणली, तर तो जवळपास निम्मा होतो. पातळ डेकमध्ये ही तूट तंतूंनाच भरून काढावी लागते.

कार्बन हलका आणि ताठ, पण थोडासाच ताणला गेला की तुटतो, तेही फारशी पूर्वसूचना न देता. फायबरग्लास जड, पण न तुटता अधिक ताणला जातो. लवचिक लाँगबोर्डमध्ये म्हणूनच बांबू आणि फायबरग्लासची जोडी दिसते. 'ऑलमोस्ट' कंपनीच्या 'इम्पॅक्ट' डेकमध्ये ट्रक (चाकांचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल, धरणारा धातूचा भाग) बोल्टने बसतो त्या जागी कार्बनच्या चकत्या असतात. त्या बोल्टभोवतीच्या भेगा रोखतात, शेपटाची, म्हणजे डेकच्या मागच्या टोकाची, झीज नव्हे. ती कोणत्याच कापडाने थांबत नाही.

रुंदी मात्र आधी ठरवावी. रस्त्यावरच्या करामतींसाठी ८ ते ८.५ इंच चालते, आणि ट्रकचा अ‍ॅक्सल डेकच्या रुंदीहून ६ मिमीपेक्षा जास्त कमी-अधिक नसावा. पातळ डेकला १ इंचाऐवजी ७/८ इंचाचे बोल्ट पुरतात. ते जास्त आवळले की डोके लाकडात रुतते आणि भेगेची सुरुवात तिथूनच होते.

घेताना कडेने थरांची रेषा न्याहाळावी, नाण्याने टिचक्या माराव्यात. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आतला थर सुटला असण्याची शक्यता आहे. इपॉक्सी पाण्याला बरीच दाद देत नाही, पण लाकूड देते: कोकणातल्या पावसाळ्यात कडा आणि बोल्टची भोके ओली राहिली, की मेपल फुगतो. उन्हात बंद गाडीत डेक ठेवू नये, कारण काही इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतात. तुटलेली कड पॉलिश पेपरने घासताना मास्क आणि हातमोजे हवेत. तंतूंचे कण कातडीत रुतून खाज आणतात. बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत भेग गेली असेल, तर ती इपॉक्सीने भरून पुन्हा उड्या मारू नयेत. असा डेक बाद समजावा.