पीडीआय (नवीन गाडी ताब्यात घेण्याआधीची तपासणी)

नवीन कार घ्यायच्या आधी गिऱ्हाईकाने स्वतः डीलरच्या यार्डात जाऊन रंग, पत्रा, काचा, टायर, आतलं फिनिशिंग बघून घेणं म्हणजे पीडीआय, म्हणजेच प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन. मूळ अर्थ वर्कशॉपमधला: ट्रेलरवरून गाडी उतरली की मेकॅनिक बॅटरी, ऑइल, टायरची हवा, दिवे तपासून चेकशीटवर टिक करतो. त्यातूनच गिऱ्हाईकाची पीडीआय निघाली असं काही जण मानतात. पण डीलर गाडी चालू आहे का ते बघतो आणि गिऱ्हाईक ती खरंच नवी आहे का ते बघतं, त्यामुळे दोन्ही वेगळ्या धरणं जास्त पटतं. पद्मिनी-अँबेसेडरच्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळेल ती गाडी लोक घेत, म्हणून ही पद्धत बहुधा १९९० नंतर, बाजारात चॉइस आल्यावर रुजली असावी.

सगळ्यात जास्त वाद रंगाचा. कारखान्यात पत्र्यावर फॉस्फेट, मग विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, प्रायमर, बेस कोट आणि वर क्लिअर कोट, असं सगळं मिळून साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतं. जाडी मोजायच्या गेजने सगळे पॅनल शंभरच्या आसपास आणि एकच दरवाजा तीनशे दाखवत असेल तर तिथे रंग परत मारलाय असं समजतात, मात्र कारखान्यातच लाइनवर दुरुस्ती होऊन पॅनल पुन्हा रंगवलेला असू शकतो, म्हणून एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये, बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालाय का तेही बघावं. प्लास्टिकच्या बंपरवर हा गेज चालत नाही. बंपर वेगळा रंगतो, त्यामुळे शेडमध्ये किंचित फरक असतोच. गोल गोल जाळीसारखे ओरखडे मात्र बहुतेक वेळा यार्डात धूळभरल्या कपड्याने पुसल्याचे असतात, आणि ते सावलीत किंवा ओल्या गाडीवर दिसतच नाहीत, उन्हातच बघावे लागतात.

परत रंगवलेली गाडी नवीन म्हणून विकावी का, यावरचा गाजलेला खटला अमेरिकेतला. अलाबामातल्या एका डॉक्टरने १९९० मध्ये बीएमडब्ल्यू घेतली आणि नऊ महिन्यांनी तिला रंग मारल्याचं कळलं. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर सांगायचंच नाही हे कंपनीचं धोरण होतं. ज्युरीने ४,००० डॉलर भरपाई आणि ४० लाख डॉलर दंड लावला, राज्याच्या कोर्टाने दंड २० लाखांवर आणला आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तोही अवाजवी ठरवला. दंडाच्या रकमेवरच जास्त लिहिलं जातं, खरं तर गिऱ्हाईकाला न सांगणं हाच मूळ मुद्दा.

आपल्याकडे वेळेचं महत्त्व कायद्यामुळे येतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ४२ म्हणतो की नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, डीलरने गाडी ताब्यात द्यायची नाही. म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी नंबर पडलेलाच असतो आणि गाडी बदलून मागणं फार अवघड जातं, म्हणून तपासणी पासिंग आणि इन्शुरन्सच्या आधीच व्हायला हवी. पाडवा-दसऱ्याला तर हार, नारळ, चाकाखाली लिंबू आणि फोटो यातच वेळ जातो, घरचे सगळे आलेले असतात, बोनेटवरचा डेंट घरी आल्यावर दिसतो आणि तोवर "गाडी सुस्थितीत मिळाली" या कागदावर सही झालेली असते.

गोव्यातल्या एका गिऱ्हाईकाने २०११ ची गाडी म्हणून पैसे भरले, प्रत्यक्षात ती २००९ ची आणि ६२२ किलोमीटर पळालेली निघाली. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डीलरची चूक कंपनीला माहीत होती हे सिद्ध झाल्याशिवाय कंपनी जबाबदार नाही. म्हणून १७ अक्षरांचा चॅसी नंबर, टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का आणि फॉर्म २१ मधला (डीलर देतो त्या विक्रीच्या दाखल्यातला) उत्पादनाचा महिना-वर्ष एकमेकांशी जुळवून बघतात, टायर गाडीपेक्षा थोडे आधीचे असले तर चालतं.