बॉक्स सांधा : सीएनसी राउटरवरील कापणी

दोन फळ्यांच्या टोकांना सारख्या रुंदीचे दाते व खाचा कापून, एकीचे दाते दुसरीच्या खाचांत बसवून काटकोनी कोपरा जोडण्याच्या रीतीस बॉक्स सांधा म्हणतात. फिंगर जॉइंट हे नावही रूढ आहे. मात्र लाकूड उद्योगात तेच नाव फळ्या लांबीत जोडण्याच्या निमुळत्या दात्यांच्या सांध्यासही दिले जात असल्याने येथे पहिले नाव वापरले आहे. डव्हटेल या तिरप्या दात्यांच्या सांध्यात असते तशी तिरपी पकड या सांध्याच्या दात्यांना नसते, त्यामुळे त्याची सारी भिस्त गोंदावर असते. दात्यांच्या कडांवर तंतूंच्या बाजू एकमेकींना भिडतात आणि तेथे गोंद उत्तम धरतो. ६० मिमी रुंद व १२ मिमी जाड फळ्यांना ६ मिमीचे दाते कापल्यास अशा नऊ कडा मिळून सुमारे १,२९६ चौ. मिमी पृष्ठ गोंदासाठी मिळते. साध्या टोकजोडीत ते ७२० चौ. मिमी असते, आणि त्यातही एका फळीच्या तंतूंची कापलेली टोकेच जोडली जातात.

सांध्याचा उगम निश्चित सांगता येत नाही. डव्हटेलचे यंत्रासाठी केलेले सुलभ रूप म्हणजे हा सांधा, असे सामान्यतः मानले जाते. परंतु सरळ दाता तिरप्या दात्याहून हातानेही सोपा कापता येतो, हे पाहता यंत्राने सांधा निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा त्याचा प्रसार केला असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. सीएनसी राउटर म्हणजे फिरत्या पात्याने (बिटाने) लाकूड कापणारे, संगणकाने चालवलेले यंत्र. त्याचे मूळ असलेल्या आकडेनियंत्रित यंत्राच्या श्रेयाबाबतही असेच मतभेद आहेत. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार आकडेमोडीने ठरवण्याची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स व त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांची. १९४९ मध्ये हवाई दलाचे कंत्राट पार्सन्स यांच्या कंपनीस मिळाले. यंत्राचे प्रत्यक्ष नियंत्रण मात्र मॅसॅचुसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने उभे केले आणि सप्टेंबर १९५२ मध्ये छिद्रित फितीवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले. पार्सन्स यांना पेटंट १९५८ मध्ये मिळाले. कल्पना एकाची व यंत्र दुसऱ्याचे, अशी वाटणीच येथे न्याय्य ठरते.

करवतीवर जिग (मार्गदर्शक साचा) लावून दाते कापताना प्रत्येक खाच आधीच्या खाचेवरून मोजली जाते. दर दात्यामागे ०.१ मिमी चूक झाली तरी दहाव्या दात्याशी ती १ मिमी होते. सीएनसी राउटर प्रत्येक खाच एकाच आरंभबिंदूपासून मोजत असल्याने चूक साचत नाही. या कामात यंत्राचा खरा लाभ तो हाच. निव्वळ बारकाईत कसबी हातही त्याच्या जवळ पोहोचतो. उलट बिटाचा व्यास चुकीचा भरला, तर तीच चूक प्रत्येक दात्यात उतरते. ६ मिमी समजलेले बिट प्रत्यक्षात ५.९ मिमी असेल, तर आखीव मार्गावर प्रत्येक खाच ०.१ मिमीने अरुंद व प्रत्येक दाता तेवढाच रुंद निघतो, आणि सांधा ०.२ मिमीने अडतो. म्हणून बिटाचा व्यास व फळीची जाडी व्हर्नियरने (सूक्ष्म मोजपट्टीने) मोजून मगच आराखड्यात भरतात. प्लायवूडच्या छापील जाडीवर तर मुळीच विसंबत नाहीत.

मुख्य अडचण कोपऱ्यांची आहे. फळी आडवी ठेवून कापल्यास फिरते बिट खाचेच्या आतील कोपऱ्यात आपल्या त्रिज्येएवढी गोलाई सोडते आणि समोरच्या दात्याची चौकोनी कड तळापर्यंत पोहोचत नाही. पटाशीने कोपरे साफ करणे हा सर्वांत जुना उपाय. दुसऱ्या उपायात, ज्याला ‘डॉगबोन’ म्हणतात, बिट कर्णदिशेने थोडे पुढे नेऊन वर्तुळाचा परीघ नेमका कोपऱ्याच्या टोकातून जाऊ देतात. ३ मिमी त्रिज्येच्या बिटाचे केंद्र त्या वेळी दोन्ही कडांपासून सुमारे २.१२ मिमीवर येते. याने सांधा बसतो, पण पोकळ गोलाकार खुणा बाहेरून दिसतात. शोभेच्या पेटीस हा उपाय साजत नाही. तिसऱ्या उपायात कोपरा तसाच ठेवून समोरच्या दात्याच्या आतील बाजूच्या कडा तेवढ्याच त्रिज्येने गोल करतात.

फळी उभी शिकंज्यात धरून तिचे टोक वर ठेवल्यास प्रश्नच उरत नाही : बिट फळीच्या जाडीतून आडवे जाते आणि खाचेचा तळ सपाट, कोपरे चौकोनी निघतात. मात्र त्यासाठी यंत्राच्या मेजाला (बेडला) पुढे मोकळी जागा लागते व फळीच्या लांबीवर मर्यादा येते. शिवाय बिट ज्या बाजूने बाहेर पडते तेथे तंतू उपटू नयेत म्हणून मागे टाकाऊ फळी घट्ट लावावी लागते.

फीड, म्हणजे बिट लाकडात पुढे सरकण्याचा वेग, हा मिनिटाचे फेरे, बिटाच्या कापणाऱ्या धारा व प्रत्येक धारेने उचललेल्या सालीची जाडी यांच्या गुणाकाराने ठरतो. मिनिटाला १८,००० फेरे, दोन धारा व ०.१ मिमी साल धरल्यास तो मिनिटाला ३,६०० मिमी येतो. फीड फारच कमी ठेवल्यास बिट लाकूड कापण्याऐवजी घासते व खाच काळवंडते.

दाता व खाच यांत एकूण ०.१ ते ०.२ मिमी सैलपणा ठेवतात, कारण पाण्याचा अंश असलेल्या गोंदाने दाते फुगतात आणि कोरडा घट्ट बसलेला सांधा गोंद लावल्यावर मिटेनासा होतो. दाते सुमारे अर्धा मिमी लांब ठेवून गोंद सुकल्यावर रंध्याने फळीशी सपाट केले जातात.