आधी चौथा बघ, कारण तो पहिला आहे

भाचीचा प्रश्न साधा होता. ‘स्टार वॉर्स’चा ‘द मँडलोरियन अँड ग्रोगू’ बघायचा तर त्याआधी काय काय बघून ठेवू? रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी आम्ही चौघं उभे होतो आणि पाच मिनिटांत चौघांची चार उत्तरं तयार झाली.

‘‘पहिल्यांदा चौथा बघ,’’ मावसभाऊ म्हणाला. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो.

‘‘चौथा पहिल्यांदा का?’’

‘‘कारण त्यो पहिला हाय.’’

भाचीनं भेळेचा कागद तसाच हातात धरून माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, दादा चेष्टा करालाय. तो चेष्टा करत नव्हता.

‘स्टार वॉर्स’चं काही नवं आलं की कोल्हापुरातल्या आमच्यासारख्यांत जो वाद पेटतो तो वरवर बघता चांगलं-वाईट असा असतो. जरा उकरलं की खाली दुसरंच निघतं: तू आधी काय बघितलंस? आमच्याकडं हे पिक्चर कधीच सरळ क्रमानं आले नाहीत. पण क्रमाचा घोळ मुळात तिकडंच, अमेरिकेतच झालेला आहे.

25 मे 1977 ला अमेरिकेत पहिला पिक्चर लागला तेव्हा तो जेमतेम 32 थिएटरांत होता आणि पडद्यावर वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या अक्षरांत भागाचा आकडाच नव्हता. आकडा असायचं कारणही नव्हतं, कारण हा चालेल असं फार कुणाला वाटत नव्हतं. 1980 मध्ये दुसरा आला आणि त्याच्या पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं निघालं ‘भाग पाचवा’. मग 1981 मध्ये पहिला पुन्हा थिएटरांत लावला तेव्हा त्याला ‘भाग चौथा’ असं बारसं करून मिळालं. म्हणजे पहिला हा चौथा झाला तो जन्मल्यावर चार वर्षांनी. 1983 ला सहावा आला. खरा, म्हणजे आकड्यानं पहिला, यायला 1999 उजाडलं.

जॉर्ज लुकासनं पहिल्या पिक्चरच्या वेळी मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळणी-टीशर्टांचे हक्क स्वतःकडं ठेवले होते. स्टुडिओला त्यात काही विशेष वाटलं नाही. 1977 च्या नाताळात पोरं दुकानांवर तुटून पडली तेव्हा खेळणी तयारच नव्हती. मग कंपनीनं पुठ्ठ्याचं पाकीट विकलं: आत चित्र आणि पावती, बाहुल्या नंतर टपालानं येतील. लोकांनी ते विकतसुद्धा घेतलं. ‘पुढचं येणार आहे’ ह्या वायद्यावर जगायची सवय ह्या चाहत्यांना तिथूनच लागली असावी.

आता कोल्हापूर. दादानं आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो सहावा. गल्लीच्या मंडळानं गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणला होता. कॅसेट इतकी घासलेली की पडद्याच्या खालच्या भागात सतत पांढरी पट्टी थरथरायची. इंग्रजी कुणाला समजत नव्हतं. पण शेवटी काळ्या मुखवट्याचा माणूस पोराकडून मुखवटा काढून घेतो आणि आत पांढराफटक, मरायला टेकलेला म्हातारा निघतो, हे समजायला इंग्रजी लागत नाही. त्यामुळं दादाला डार्थ व्हेडर आधी भेटला तो बाप म्हणून. व्हेडर हा नायक ल्यूकचा बाप आहे हे सगळ्या जगाला हादरवणारं रहस्य त्याला दोनेक वर्षांनी पाचवा बघताना कळलं, तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘मग? म्हाईत हाय की.’’

माझ्या मागून आलेल्या पोरांनी 1999 ते 2005 चे तीन भाग सायबर कॅफेतून लिहून आणलेल्या सीडींवर बघितले. त्यांच्यासाठी व्हेडर हा आधी अनाकिन नावाचा एक गोरा, चिडका पोरगा. आणि भाची? तिची सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. अमेरिकेत ‘मँडलोरियन’ ही मालिका 12 नोव्हेंबर 2019 ला सुरू झाली, आपल्याकडं 3 एप्रिल 2020 ला डिस्ने प्लस हॉटस्टार सुरू झालं तेव्हा तिचे पहिले आठही भाग एकदम हातात पडले. तिच्या लेखी मालिकेतलं हिरवं, मोठ्या कानांचं बाळ ग्रोगू हे मूळ आणि जुन्या पिक्चरमधला त्याच जातीचा गुरू योडा म्हणजे म्हातारा ग्रोगू. दादाला हे ऐकवत नाही.

भरीस भर म्हणजे जुने पिक्चरही जागेवर राहिले नाहीत. 1977 मध्ये तस्कर हॅन सोलो टेबलाखालून गोळी झाडतो आणि त्याला पकडायला आलेला, समोर बसलेला ग्रीडो मरतो, विषय संपला. 1997 मध्ये लुकासनं पिक्चर पुन्हा हाताळला आणि आता आधी ग्रीडो झाडतो, त्याचा नेम चुकतो, मग हॅन. 2004 च्या डीव्हीडीत दोघं जवळजवळ एकदमच. 2019 मध्ये ग्रीडो मरण्याआधी ‘मॅक्लंकी’ असं काहीतरी बरळतो. चार तऱ्हा, आणि प्रत्येकाची एक बाजू. हॅन भुरटा होता की सज्जन, हे त्या एका सेकंदावर ठरतं असं मानणारी माणसं मी पावसात छत्री मिटवून भांडताना बघितली आहेत.

आपलं काम आपणच पुन्हा हाताळायची खोड कोल्हापूरला नवी वाटू नये. इथलेच दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ 1925 मध्ये मूक काढला आणि 1936 मध्ये स्वतःच बोलका केला. त्यांनी फक्त जुना तसाच राहू दिला, त्यावर नवं डकवलं नाही.

2012 मध्ये लुकासनं सगळा कारभार डिस्नेला चार अब्ज डॉलरच्या वर रकमेला विकला. एप्रिल 2014 मध्ये नव्या मालकांनी जाहीर केलं की आजवर कादंबऱ्या आणि कॉमिक्समधून वाढलेली कथा यापुढं ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा; खऱ्या कथेत धरायची नाही. आमच्यातल्या एकानं पुण्याच्या फुटपाथवरून अशा अकरा कादंबऱ्या जमवल्या होत्या. त्यानं त्या विकल्या नाहीत, पण कपाटात वरच्या फळीवर, अंथरुणांच्या मागं सरकवल्या.

नवी तिकडी 2015 ला सुरू झाली. अमेरिकेत 18 डिसेंबर, आपल्याकडं मात्र 25, कारण 18 च्या शुक्रवारी ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘दिलवाले’ दोन्ही लागत होते. तो आठवडा आम्ही व्हॉट्सअॅप बंद ठेवून काढला. चौथ्या दिवशी ग्रुपबाहेरच्या एका शहाण्यानं हॅन सोलोला कोण मारतं ते फोन करून सांगितलं. त्याच्याशी बोलणं अजून तुटक आहे.

2017 च्या पिक्चरनं उभी फूट पाडली. ल्यूक स्कायवॉकर एका बेटावर हाय खाऊन बसलेला, झोपलेल्या भाच्यावर एकदा तलवार उगारलेला. दादाचा ल्यूक म्हणजे व्हेडरसारख्या बापालाही न मारणारा पोरगा. त्याला हे पटणं शक्यच नव्हतं. मला पिक्चर आवडला होता. पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची फुटबॉल मॅच संपल्यावर शाहू स्टेडियमबाहेर जसं वातावरण असतं, तसं आमच्यात महिनाभर होतं. 2019 च्या नवव्या भागानं दोन्ही बाजूंना खूश करायला जाऊन दोघांनाही नाराज केलं. त्यावर आमचं एकमत आहे, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

मग सगळं मालिकांकडं सरकलं आणि क्रम आणखी गुंतला. ‘मँडलोरियन’च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मँडो, म्हणजे तो मँडलोरियन, आणि ग्रोगू रडतरडत वेगळे होतात; तिसरं पर्व लावावं तर दोघं एकत्रच. मधली भेट झाली कुठं? ‘बोबा फेट’ नावाच्या वेगळ्याच मालिकेत. भाचीनं ती बघितली नव्हती, तिला वाटलं नेट अडकलं आणि एखादा भाग सुटला.

ह्या सगळ्यात माझं मत ‘अँडॉर’ला. 2022 आणि 2025, दोन पर्वं मिळून 24 भाग. त्यात जेडाय, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीचे योद्धे, नाहीत; कचेरीत फायली सरकवणारे साम्राज्याचे कारकून आहेत. ती संपते तिथं 2016 चा ‘रोग वन’ सुरू होतो, आणि तो संपतो तिथं 1977 चा पहिला. म्हणजे सगळ्यात नवं बघत गेलं की माणूस बरोबर सगळ्यात जुन्याच्या दारात येतो. दादा तिसऱ्या भागाला झोपला.

मागं ह्याच भाचीच्या वाढदिवसाला मी उद्यमनगरातल्या एका लेथवर लाइटसेबरची, म्हणजे त्या प्रकाशाच्या तलवारीची, मूठ करून घेतली. मूळ पिक्चरमधली मूठ प्रेस फोटोग्राफरच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा होती, तीच मापं घेऊन गेलो होतो. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घरी बनवला त्या गावात कॅमेऱ्याचा दांडा बनवून घ्यायला अडचण काय येणार? मिस्त्रीनं फोटो उलटसुलट करून बघितला. ‘‘बॅटरी हाय व्हय? मग काच कुठं बसवायची?’’ काच नाही, तलवार आहे म्हटल्यावर त्यानं काही न बोलता अॅल्युमिनियमचा बार चकात धरला. बिल देताना मात्र म्हणाला, धार लावायची असंल तर दुसरीकडं जावा.

ती मूठ भाचीच्या टेबलावर असते. रंकाळ्यावरून घरी येताना ती बराच वेळ गप्प होती. जिना चढता चढता म्हणाली, ‘‘बरं मामा, आधी चौथाच बघते. पण कुठला चौथा? ज्यात आधी हॅन मारतो तो, का ज्यात ग्रीडो?’’